कानात सांगितलेलं मत

एका गावात बुरुडाचं एक घर होतं. मुलगा पोटासाठी परगावी, त्यामुळे घरात तिघीच: म्हातारी सासू, सून हौसा आणि हौसाची अजून मताच्या वयाची न झालेली लेक. सासूची दृष्टी कधीच गेली होती. पण हात असे शहाणे, की बांबूच्या पट्ट्या नुसत्या चाचपून ती सूप विणायची. ते बघून डोळस माणसानं तोंडात बोट घालावं.

हौसाला दिलं होतं गावातल्या गावात. माहेर दोन आळ्या पलीकडे. आईबाप लवकर गेले, तिला लहानाचं मोठं केलं ते भावानं. तेव्हा भाऊ म्हणजे तिचा जीव की प्राण, हे काय वेगळं सांगायला हवं?

त्या वर्षी सरपंचाची निवडणूक लागली. हौसाचा भाऊ उभा राहिला, खूण छत्री. समोर गावातलीच एक शिंपीण, खूण पाटा-वरवंटा. पारावर दुसरा विषयच नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी भाऊ बहिणीकडे जेवायला आला. म्हणाला, "हौसे, उद्या सासूबाईंबरोबर आत कोण जाणार?"

"मीच. दिसत नसलं तर सोबतीला घरचं माणूस नेता येतं. आईंनी माझंच नाव घेतलंय."

"मग झालं तर. त्या काही का सांगेनात, तू छत्रीवर दाब. त्यांना कुठं कळणार आहे?"

हौसानं भावाच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. एकीकडे अंगाखांद्यावर खेळवणारा भाऊ, दुसरीकडे भरवसा टाकून बसलेली सासू. बिचारीनं करावं तरी काय?

सकाळी दोघी शाळेत गेल्या. तिथले साहेब हौसाला म्हणाले, "बाई, आजी सांगतील तेच बटण दाबायचं. आणि मत कुणाला दिलं ते बाहेर कुणालाही सांगायचं नाही. तसं लिहून द्या." हौसानं सही केली, म्हातारीच्या बोटाला शाई लागली आणि दोघी पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या.

सासू तिच्या कानाशी लागली. "छत्रीवर दाब गं."

घ्या. म्हणजे प्रश्नच मिटला की नाही? भावाचंही झालं आणि सासूचंही ऐकलं. हौसाचं बोट छत्रीपाशी गेलंसुद्धा, पण तिथंच अडलं. शिंपिणीनं खटपट करून आळीत नळ आणला, तेव्हापासून म्हातारी कुणाचा हात न धरता आपली कळशी आपण भरत होती. महिनाभर सूप विणताना तिच्या तोंडी तेच होतं.

"आई," हौसा हळूच म्हणाली, "हे तुम्ही माझ्यासाठी बोलताय."

"मग? तुझा भाऊ आहे तो. तुझ्याशिवाय मला इथं कोण आहे?"

"मी कुठं जाते? तुम्ही कुणालाही द्या, संध्याकाळची भाकरी मीच करणार आहे. मत मात्र तुमचं सांगा, माझं नको."

म्हातारीनं सुनेच्या गालावरून हात फिरवला. मग पुन्हा कानाशी लागून काहीतरी बोलली, हौसानं बटण दाबलं आणि यंत्राचा लांबलचक आवाज झाला. कुठलं बटण? ते मला विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं.

निकाल लागला. भाऊ पडला. संध्याकाळी तो बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला. "हौसे, खरं सांग. म्हातारीचं मत मला पडलं का?"

"ते त्यांचं आहे, दादा. माझ्याकडे नुसतं ठेवायला दिलंय."

"यासाठी वाढवलं तुला?"

"दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, हे तूच शिकवलंस की रे."

भाऊ तडक निघून गेला. त्या भाऊबीजेला तो आलाच नाही. दिवसभर वाट बघून हौसानं चंद्राला ओवाळलं आणि पदरात तोंड घालून रडली.

दीड वर्षानं आमदारकीची निवडणूक आली. तेव्हाच नेमका भिंतींना सफेदी देताना भावाच्या डोळ्यांत चुना उडाला. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. मतदानाच्या दिवशी कार्यकर्ते दारात हजर, जो तो म्हणे, "मी नेतो आत." भाऊ म्हणाला, "मला आधी हौसाकडे न्या."

तिच्या उंबऱ्याशी येऊन तो चाचपडत उभा राहिला. "हौसे, तू चल माझ्याबरोबर. माझं मत मी सांगेन तिथंच पडायला हवं."

हौसानं पुढं होऊन त्याचा हात धरला. पण एका माणसाला एकाचीच सोबत करता येते. तिनं सासूकडे पाहिलं.

म्हातारीनं हातातलं सूप खाली ठेवलं. "जा पोरी. मला माझी नात नेईल, तीही आता मतदार झालीय. आणि येताना त्याला जेवायला घेऊन ये."

आडोशामागे भाऊ हौसाच्या कानाशी लागला. काय बोलला, ते त्या दोघांनाच माहीत. त्या दिवशी भाऊबीज नव्हती, तरी घरी आल्यावर हौसानं त्याला ओवाळलं.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: आपलं मत आपल्या मनानं द्यावं, आणि दुसऱ्याचं हाती आलं तर ते त्याचंच राहू द्यावं. जो एवढं सांभाळतो, त्याचाच हात माणसं अंधारात शोधतात.