तळातली चिकणमाती

फार वर्षांमागे रंगाचा एक कारखाना बंद पडला आणि त्याच्या विषारी जमिनीवर गावाने फिरायची वाट केली. विष वर येऊ नये म्हणून चिकणमाती ठोकून बसवली, तिच्यावर लाल मुरूम पसरला.

तान्हाआजी रोज पहाटे अनवाणी फिरायच्या. म्हणायच्या, "मुरूम पायाला कसा गार लागतो."

खाली चिकणमातीचा जळफळाट व्हायचा. "विष मी अडवायचं आणि कौतुक याचं."

"मग ये की वर," मुरूम म्हणाला.

ती ईर्ष्येने उसळली आणि तडकली. भेगेतून हिरवं पाणी वर आलं, आजींच्या तळव्यांना फोड उठले. वाट ओस पडली.

गावाने चिकणमाती पुन्हा ठोकली, नवा मुरूम टाकला. पाय बरे झाल्यावर आजी आल्या, चप्पल काढून म्हणाल्या, "मुरूम कसा गार लागतो."

चिकणमातीच्या पोटात दुखलंच. पण तिने अंग घट्ट आवळून धरलं.