न्यायासनापुढचा कौल

फार पूर्वी, डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये एक गाव होतं. गावात देऊळ होतं आणि चावडी होती. देवळात लोक देवाला कौल लावत. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पेरणी, सोयरीक, प्रवास अशा गोष्टी देवाला विचारत. भांडण मात्र चावडीत जाई. तिथे न्यायाधीश साक्षीदार ऐकत आणि निवाडा देत.

हरलेला माणूस कुरकुर करी. "म्हातारा ऐकता ऐकता डुलक्या घेतो," असं कोणी म्हणे. न्यायाधीशांना ते फार लागे.

एकदा ते गुरवाला म्हणाले, "देवाच्या कौलावर कोणी कुरकुर करत नाही, नाही का?"

"कोणाची छाती आहे!" गुरव म्हणाला. देवाचा मान वाढेल म्हणून तोही खुलला.

दुसऱ्या दिवशी मूर्तीची पालखी चावडीत आली.

पहिला दावा भागूकाकीचा होता. तिच्या पोफळीच्या बागेला येणारा पाण्याचा पाट शेजाऱ्याने आपल्या बागेकडे वळवला होता. ती साक्षीला माणसं घेऊन आली होती.

"साक्षीची गरज नाही," न्यायाधीश म्हणाले. "देव सांगेल."

डावं फूल पडलं. पाट शेजाऱ्याचा ठरला.

भागूकाकी मूर्तीकडे बघत राहिली. "देव खोटं बोलत नाही," ती हळूच म्हणाली. "मग इतकी वर्षं मीच खोटी होते का?"

कुरकुर मात्र थांबली नाही. "गुरवाने फूल कमी भिजवलं," असं हरणारे म्हणू लागले. मग फूल किती भिजवावं याचा नियम झाला. मूर्तीशेजारी शिपाई उभा राहिला. फूल आपण होऊन पडलं की वाऱ्याने, यावर नवे दावे उभे राहिले.

अशात गुरवाचीच गाय एकाने आपली म्हणून बांधून ठेवली. गुरव धावत चावडीत आला.

"कौल लावू," न्यायाधीश म्हणाले. "पण दावा तुझा आहे, तेव्हा फुलं शिपाई लावील."

"नको, नको! साक्षीदार ऐका, महाराज. ती माझ्या गोठ्यात जन्मली, अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

"देवावर भरवसा नाही?"

"देवावर आहे," गुरव मान खाली घालून म्हणाला. "पण फूल वाऱ्यानेही पडतं, महाराज."

चावडीत कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी साक्षीदार बोलावले, गाय गुरवाला मिळाली आणि पालखी देवळात परतली.

मग न्यायाधीश स्वतः भागूकाकीच्या बागेत गेले. पाणी तुटल्याने पोफळी वाळून काठ्या झाल्या होत्या.

"काकी, तुझ्या माणसांची साक्ष आज ऐकली. पाट तुझा आहे, परत घे. माझं चुकलं."

"पाट घेते," ती म्हणाली. "रोपं पुन्हा लावीन. पण पूर्वी मी देवापुढे बसले की मन हलकं व्हायचं. आता मूर्ती दिसली की चावडी आठवते. ते कसं परत देणार?"

पाटाला पाणी आलं, रोपंही धरली. भागूकाकी मात्र देवळाची पायरी पुन्हा चढली नाही.

बोध हा : देवाला न्यायासनावर बसवलं, तर न्याय हातचा जातो आणि देवही मनातून उतरतो.