आठ फुटांचं कुंपण

कोरेवाडीच्या माळावर सौरऊर्जेचा प्रकल्प येणार होता. त्याच माळावर धनगरांची चाळीस घरं पिढ्यान् पिढ्या मेंढरं चारत आली होती. प्रांत मॅडमनी गावात सुनावणी ठेवली, तेव्हा कंपनीचे राजाध्यक्ष साहेब ऐटीत म्हणाले, "माळ ओसाड आहे. तिकडे चिटपाखरूही फिरकत नाही. मग नुकसान कोणाचं होणार?"

धनगरांतल्या सगुणाबाई लवटे पदर सावरत उभ्या राहिल्या. "साहेब, वीज व्हावी असं आमालाबी वाटतंय. पण तुमच्या नकाशात माळाभोवती ही लाल रेघ कसली?"

"तारेचं कुंपण. चांगलं आठ फूट उंच."

"तिकडं कुणीच फिरकत न्हाई, तर एवढं कुंपण कुणाला अडवायला?"

मंडपात हशा पिकला. मॅडमनी तिथल्या तिथे अट घातली, की कुंपणाला फाटकं ठेवायची आणि पॅनेलखालचं गवत मेंढरांना मोकळं ठेवायचं.

वर्षभरानं मेंढरं पॅनेलच्या सावलीत चरू लागली, तेव्हा सगुणाबाई आभार मानायला प्रांत कचेरीत गेल्या.

"अहो, सवाल तर तुम्ही केलात," मॅडम म्हणाल्या.

सगुणाबाईंनी हात जोडले. "सवाल आमी आदीबी लई केले, मॅडम. ऐकून घेतलं ते तुमीच."