बुडत्या गलबताचं चित्र

समुद्राकाठच्या कुठल्याशा गावी एक चितारी राहायचा. माणसांची चित्रं तो कधी काढत नसे. डोंगर, आभाळ, पाणी, बस्स. एकदा राजवाड्यातून वादळी समुद्राच्या चित्राची मागणी आली आणि बिचारा तेव्हापासून पार थकून गेला. रोज नवं आभाळ रंगवायचा, रोज पुसून टाकायचा. मनासारखा काळोखा रंग काही उतरेना. झोप उडाली, जेवणावरची वासना गेली.

त्या गावची एक रीत होती. टेकडीखाली पाण्यात खडक होते, म्हणून अंधारून आलं की टेकडीवरचा मोठा दिवा पेटवायचा. हे काम घरोघरी पाळीने फिरायचं.

चिताऱ्याची पाळी आली. तेल घेऊन तो वर गेला, सोबत रंगही घेतले. आणि काय सांगावं! आभाळ असं काही झाकोळून आलं की गडी बघतच राहिला. ज्या रंगासाठी तो इतके दिवस कुढत होता, तो समोर समुद्रभर पसरला होता. त्याने घाईघाईने कुंचला उचलला.

तेवढ्यात गावचं गलबत परतताना दिसलं. आता तरी उठायचं की नाही! पण त्याच्या मनात आलं, 'दिवा पेटवला तर पिवळा उजेड पडेल आणि हा रंग हातचा जाईल. एवढं आभाळ उतरवतो, मग लावतो.' शिणलेला जीव, त्याला उठवेना.

गलबत खडकावर आपटलं. चिताऱ्याने ते बघितलं, पण हात काही थांबला नाही; आभाळाबरोबर गलबतही चित्रात उतरलं, आणि कधी नव्हे ती माणसंही.

खलाशी पोहत काठाला लागले. गलबत हाकणारा तांडेल मात्र बुडाला. गावाने विचारलं तेव्हा चितारी म्हणाला, "वाऱ्यापुढे दिवा टिकेना हो. सारखा पेटवत होतो." लोकांना पटलं. वारा होताच तसा.

चित्र पुरं झालं. राजवाड्यात जाण्याआधी गावाने बघावं म्हणून ते देवळात ठेवलं. जो तो तोंडात बोट घालू लागला. तांडेलाची बायकोही आली आणि बराच वेळ चित्रासमोर उभी राहिली.

"शिडाचं हे ठिगळ मी लावलेलं," ती म्हणाली. "लाल दोऱ्याने. तेही दिसलं तुम्हाला?"

"दिसलं, वहिनी."

"आणि सुकाणूपाशी हे उभे आहेत. टेकडीकडे बघताहेत." ती त्याच्याकडे वळली. "तुम्ही दिवा पेटवत होतात ना? मग एवढं सगळं बघितलंत कधी?"

चिताऱ्याच्या अंगात खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"रंग बिघडला असता," एवढंच तो म्हणाला.

तिने डोळ्याला पदर लावला आणि ती घरी निघून गेली.

चित्राची राजवाड्यात वाहवा झाली. गावात कुणी चिताऱ्याला शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. पुढे त्याची पाळी आली तेव्हा तो धापा टाकत टेकडीवर पोचला, तर त्याचा शेजारी आधीच दिव्यापाशी बसलेला.

"अहो, आज माझी पाळी," चितारी म्हणाला.

शेजाऱ्याने मान वर केली नाही. वात सारखी करत तो म्हणाला, "राहू द्या. तुम्ही आपलं चित्र काढा."

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याचा जीव आपल्या भरवशावर असेल, तर आधी त्याचं काम करावं, आपली कला आणि आपला शीण मागून.