धाकट्या बिशपचं शेत

रुफीनबायवर कुणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्याने नाही, पाद्रीने नाही, सख्ख्या जावेने तर मुळीच नाही. केळभाटच्या देवळामागे खाडीच्या अंगाला हे जे बिनक्रुसांचं शेत दिसतंय, त्याची गोष्ट या बाईपासूनच सुरू होते. इथे कुणी पेरत नाही. गुरंसुद्धा बांधावरूनच वळतात.

एका साली पटकी आली, असं सांगतात. देवळाची सिमेट्री आठ दिवसांत भरली. उरलेली मढी या शेतात पुरली, त्यात रुफीनबायच्या दोन मुली. शेत आशीर्वादाचं नव्हतं, आणि तेव्हा लोक मानायचे की बिशपने पवित्र पाणी शिंपडल्याशिवाय अशा मातीतला जीव वर जात नाही, तिथंच घुटमळतो. खाडीवरून वारा सुटला की रुफीनबायला पोरी पाणी मागताना ऐकू यायच्या.

थोरला बिशप लांब शहरात. त्याने आपला साहाय्यक धाडला, दों आलेशू नावाचा. गाव त्याला धाकटा बिशप म्हणायचं. झगा तसाच जांभळा, अंगठी तशीच, काठी तशीच. फक्त हुकूम त्याचा नव्हता.

"सायबा, शेतावर पाणी शिंपडा," रुफीनबाय म्हणाली.

"बाई, मला पोरांना दृढीकरणाचं तेल लावून धर्मात पक्कं करायला पाठवलंय. शेताचं कुणी सांगितलेलं नाही. वर लिहितो. चिठ्ठी आली की करतो."

"पाणी विहिरीचं, हात तुमचा. चिठ्ठी कशाला मध्ये?"

"मी दुय्यम आहे, बाई."

माणूस वाईट नव्हता म्हणे. लिहिलं त्याने, आणि गावातच थांबला. पंधराव्या दिवशी पटकीने त्यालाही उचललं. त्याला मात्र देवळात, वेदीपाशी पुरलं.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी रुफीनबायला तो बांधावर दिसला. उजवा हात आशीर्वादाला छातीपर्यंत उचललेला, पुढे जाईना.

"चिठ्ठी आली का?" त्याने विचारलं.

"मेल्यावरही चिठ्ठी लागते का रे तुला?" असं म्हणून तिने ढेकूळ भिरकावलं. ते त्याच्यातून पार गेलं.

"आम्हाला साधा पाद्री दिसत नाही वेळेवर, हिला बिशप दिसतो!" जाऊ म्हणाली. गाव हसलं. पोरींच्या दुःखाने डोकं फिरलं म्हणाले. नऊ वर्षं ती रोज बघायची, रोज शिव्या द्यायची, त्याला कमी आणि थोरल्याला जास्त. एक चिठ्ठी धाडवली नाही मेल्याला!

नवव्या वर्षी थोरला स्वतः आला. रुफीनबाय देवळाच्या दारात आडवी उभी राहिली.

"तुझा माणूस नऊ वर्षं उन्हात उभा आहे. दोन ओळी लिहायला तुझा हात झडला होता का?"

लोक तिला ओढायला धावले. म्हाताऱ्याने त्यांना थांबवलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"मी लिहिलं होतं, बाई. त्याच आठवड्यात."

धाकट्याची पेटी पाद्रीच्या घरात तशीच पडून होती. उघडा म्हणून कुणी सांगितलं नाही, म्हणून कुणी उघडली नव्हती. थोरल्याने ती उघडायला लावली. आत प्रार्थनेच्या पुस्तकात त्याचीच चिठ्ठी निघाली, मोहोर फोडलेली. 'तू तिथे आहेस. तुला योग्य दिसेल ते कर.' त्याच कागदाखाली धाकट्याच्या हातचं अर्धवट उत्तर होतं. 'योग्य म्हणजे नेमके काय, ते कृपया कळवावे.'

थोरल्याने तशीच शेताची वाट धरली आणि पाणी शिंपडलं. पोरींचे आवाज त्या दुपारी थांबले. धाकटा मात्र हलला नाही म्हणे. त्याला जा म्हणून सांगायचं कुणाला सुचलं नाही. रुफीनबायला सुचलं होतं, तिने सांगितलं नाही.

आजही केळभाटात बिशप आला, थोरला असो की साहाय्यक, की तो आधी एकटा त्या शेतात जातो. बरोबर पाद्री नाही, पुस्तक नाही. काय म्हणायचं ते त्याचं त्याने ठरवायचं, मग पोरांना तेल. आणि दुपारी बांधावरून जाताना बाया मुलांचा हात घट्ट धरतात, हाक आली तरी मागे बघत नाहीत. पाहुणे विचारतात, एवढे जीव नऊ वर्षं तहानेले ठेवले कुणी? पटकीने? थोरल्याने? इथली कुठलीही बाई एकच नाव घेते. दों आलेशू.