आज उजेड कमी परतला

उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात, किनाऱ्याला लागून तरंगणाऱ्या बर्फावर माणसं एकदा एक यंत्र उभं करून गेली. पडलेल्या उजेडातला किती उजेड बर्फाने परत दिला, तेवढंच ते रोज सांगे. धवली नावाची सील आपल्या तान्ह्या पिलाला घेऊन तिथेच राहायची.

एक दिवस यंत्र म्हणालं, "आज उजेड कमी परतला. बर्फ वितळून ओला होतोय."

"चांगला पांढराशुभ्र तर आहे!" म्हातारा वॉलरस दंताजी खेकसला. पण यंत्र रोज तेच सांगू लागलं, तेव्हा दंताजीने यंत्राच्या भिंगावर बर्फ थापला.

"आता मला काही दिसत नाही," यंत्र म्हणालं. सगळ्यांना हायसं वाटलं.

धवलीला मात्र चैन पडेना. पिलाच्या अंगाखालचा बर्फ चिखलासारखा झाला होता, आणि त्याला अजून पोहता येत नव्हतं.

"दंताजीकाका, मी याला घेऊन किनाऱ्यावर जाते."

"जा बाई. भित्री कुठली!"

थोड्याच दिवसांत बर्फ दुभंगला, यंत्र बुडालं. बाकीच्या सील पिलांना ढकलत कशाबशा किनाऱ्याला लागल्या. सगळी पिलं काही पोचली नाहीत. मागून दंताजी धापा टाकत वर चढला.

"इथे तसलं यंत्र नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही," धवली म्हणाली.

"मग काळजी नाही," म्हणत तो आडवा झाला.

धवलीने पिलाला उठवलं आणि ती किनाऱ्यावरून आणखी आत सरकली.