तुरतुरीची शी हरवली

तुरतुरी उंदरीला वाटलं, रोजच्यासारखी शी येईल.
ती पानामागे बसली. बसली, बसली, बसली.
आलं काय? काहीच नाही! शी हरवली!
पोट टण्ण. पाय जड.
आई म्हणाली, "तीन दिवस नुसती खारी कुरतडलीस ना? जा, सब्जाचं बी आण."
तुरतुरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"सब्जादादा, सब्जादादा, बी दे ना.
माझी शी होईना!"
"मी सुकलोय बघ. बादली भरेल, तर मी बी देईन."
तुरु तुरु, तुरु तुरु.

"बादलीताई, बादलीताई, भर ना.
सब्जा बी देईना,
माझी शी होईना!"
"मी रिकामी. ठण ठण! नळ सुटेल, तर मी भरेन."
तुरु तुरु, तुरु तुरु.

"नळभाऊ, नळभाऊ, सूट ना.
बादली भरेना,
सब्जा बी देईना,
माझी शी होईना!"
"माझा कान कोण पिळणार? तू? फुस्स! मुक्तामावशी उठेल, तर मी सुटेन."
तुरु तुरु, तुरु तुरु.

मुक्तामावशी चहाच्या टपरीत घोरत होती. घुर्र, घुर्र.
"मावशी, मावशी, ऊठ ना.
नळ सुटेना,
बादली भरेना,
सब्जा बी देईना,
माझी शी होईना!"
मावशी झोपेतच पुटपुटली, "मांजर म्याव करेल, तर मी उठेन."

मांजर? बाई गं!
तुरतुरीच्या मिश्या थरथरल्या. शेपूट थरथरली.
पण पोट? टण्ण!
तुरु... तुरु... तुरु...

"मांजरबाई, मांजरबाई, म्याव करा ना.
मावशी उठेना,
नळ सुटेना,
बादली भरेना,
सब्जा बी देईना,
माझी शी होईना!"
मांजरीने ओठांवरून जीभ फिरवली. "आधी तुला खाईन, मग म्याव करीन."
पंजा पुढे आला. तुरतुरीचं पोट चाचपलं. टण्ण!
"अगं, हे काय? दगड गिळलास?"
"नाही हो. तीन दिवसांची शी."
"ईऽऽऽ! म्याऽऽऽव!"

मांजरीने म्याव केलं. मावशी उठली. "अगंबाई, चहाची वेळ झाली की!"
नळ सुटला. धो धो धो!
बादली भरली. भरून सांडली. पाणी सब्जाच्या मुळाशी गेलं.
सब्जाने मान हलवली. टप टप टप! काळं काळं बी!

तुरतुरी बी तोंडात टाकणार, इतक्यात सब्जा ओरडला, "थांब! कोरडं नको गं! आधी भिजव."
बुचात पाणी. पाण्यात बी.
बी फुगलं. फुगलं, फुगलं. बुळबुळीत झालं.
तुरतुरी प्याली. गट गट गट.
वर अजून पाणी. गट गट.
मग झोपली.

सकाळी पोटात गुड गुड!
तुरतुरी पळाली. पानामागे बसली.
टुप! टुप! टुप!
"आई, सापडली!"
पोट मऊ. पाय हलके. टुणुक टुणुक!

मग तुरतुरीने ठरवलं.
खारी थोडीशीच. पाणी पुष्कळ.
आणि पोट मऊ झालंय, हे मांजरीला सांगायचं नाही.
मुळीच नाही!